रांजण बोलायचे थांबेपर्यंत

मीराने मागे मला एक फोटो पाठवला होता. ती जॉर्जिया नावाच्या देशात फिरायला गेली होती. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण होते आणि त्यांत द्राक्षाचा रस आंबत होता. फोटोमागे तिने लिहिलं होतं, "आजी, हे लोक पिढ्यान् पिढ्या असंच करतात. आपल्याकडे असलं काही नव्हतं ना?"

मीरा, होतं. तुझ्या आजीने कितीतरी वर्षं तेच काम केलं. आमचे रांजण पुरलेले नसत, ज्वारीच्या भुसकटात बसवलेले असत. आणि आम्ही त्याला वाइन म्हणत नव्हतो, द्राक्षासव म्हणत होतो. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाविषयी लिहा" म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात माझी शाळेतली नोकरी होती. पण मास्तरणीचं काम पुष्कळजणींनी केलं आहे. रांजणांचं काम केलेली माणसं आता फारशी उरली नाहीत, म्हणून तेच लिहिते. समीर आणि मीरा, तुम्ही नातवंडं मराठी वाचता पण हळू वाचता, हे मला माहीत आहे. तेव्हा सोपं लिहीन आणि क्रमाने लिहीन.

बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीत उर्दू, घरात मराठी, बाजारात दोन्हींची खिचडी. मी मिशनच्या शाळेतून इंग्रजी मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन नेकनूरला आले. तुमचे आजोबा हैदराबादला कॉलेजात शिकत होते. घरात माझे सासरे. गाव त्यांना तात्या म्हणे. ते वैद्य होते आणि ओढ्याकाठी त्यांची द्राक्षाची बाग होती. त्यांचे हात कापू लागले होते, रांजण कलता करून आसव गाळणं त्यांना जमेना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. घरातल्या बाकीच्या बायकांना वाटे, इंग्रजी शिकलेली सून हात घाण करणार नाही. तात्यांना उलटं वाटलं. ते म्हणाले, "हिची वही बघा, एक डाग नाही. आसवाला असाच माणूस लागतो."

त्यांचं खरं होतं. या कामात अक्कल कमी आणि स्वच्छता जास्त लागते.

आधी द्राक्षांबद्दल सांगते. तुम्ही खाता ती बिनबियांची हिरवी द्राक्षं आमच्याकडे नव्हती. बागेत तीन जाती होत्या. भोकरी म्हणजे गोल, जाड सालीची, भोकराच्या फळासारखी. चवीला बेताची, पण रोगाला दाद न देणारी आणि भरपूर येणारी. फकडी पातळ सालीची आणि गोड, पण नाजूक. आणि हबशी काळी, लांबट. तिचा रस हाताला लागला की चार दिवस जात नसे. आसवात गोडी फकडीची, रंग हबशीचा आणि पोट भरायला भोकरी. तिन्ही जाती आता त्या भागात दिसत नाहीत. मी मुद्दाम एकदा जाऊन विचारलं. बागायतदार चांगला शिकलेला होता. म्हणाला, "आजी, बियांची द्राक्षं कोण घेतंय?" त्याचंही बरोबर आहे, पण मला वाईट वाटलं.

तेव्हा तारेचे मांडव नव्हते. प्रत्येक वेलाशेजारी पांगाऱ्याचं झाड लावत आणि वेल त्याच्यावर चढवत. पांगारा जिवंत असल्यामुळे कुजत नाही, उन्हाळ्यात सावली देतो आणि वेलाचं ओझं वर्षानुवर्षं वाहतो. पांगारा तुटला की वेल गेलाच. फळं फाल्गुन-चैत्रात उतरत, आणि ती उतरली की लगेच छाटणी करावी लागे. तिला उशीर झाला तर पुढच्या वर्षी नुसता पाला.

आता आसव. द्राक्षं निवडायची, धुवायची, रस काढायचा, त्यात जुना गूळ, दालचिनी, वेलदोडा, पिंपळी, नागकेशर आणि धायटीची वाळलेली फुलं घालायची. त्या फुलांमुळे रस आंबतो. रांजणाला आतून तुपाचा हात फिरवून धूप द्यायचा, मग रस भरून तोंडाला फडकं बांधायचं आणि भुसकटात बसवून द्यायचं. एक-दोन दिवसांत रांजण बोलायला लागतो. कान लावला की आत मुंगळ्यांची रांग चालल्यासारखा आवाज येतो. तो बोलतोय तोवर हात लावायचा नाही. महिन्याभराने आवाज थांबतो, फुलं तळाशी बसतात, पेटती वात तोंडाशी धरली तर विझत नाही. मग गाळायचं. मी भावाकडून थर्मामीटर मागवलं होतं. तात्या रांजणाच्या पोटावर हात ठेवत आणि मला विचारत, "तुझी काचेची नळी काय म्हणते?" आमचं दोघांचं सहसा जुळे. नाही जुळलं तर आम्ही भांडत असू.

घरात एक नियम होता. तात्यांनी नाडी बघितल्याशिवाय आसवाचा थेंब कुणाला मिळत नसे, पाहुण्यालाही नाही आणि जावयालाही नाही.

माणसं लांबून येत. तेलगावचे एक कीर्तनकार बुवा होते, त्यांचा आवाज वरचेवर बसे. आसवाने तो सुटे हे खरं, पण बुवांचा जीव आवाजापेक्षा आसवावर जास्त. एकदा म्हणाले, "तात्या, कीर्तन दोन दिवसाचं हाय अन् बाटली एकाच दिवसाची कावून?" तात्या म्हणाले, "देव पहिल्या दिवशीच ऐकतो, बुवा. दुसऱ्या दिवशी लोकांसाठी बोला, साध्या आवाजात."

धर्मापुरीहून एका म्हातारीला तिच्या मुलांनी बैलगाडीत घालून आणलं होतं. तापाने ती पार वाळली होती. मी चमचा पुढे केला तर तिने तोंड फिरवलं. "मी माळकरी हाय बाई. ह्याला वास येतोय."

तात्यांनी विचारलं, "आजी, ताक किती दिवसांचं पिता?"

"आंबट होईस्तोवर पिते की."

"मग हे द्राक्षाचं ताक समजा."

तिने माळ हातात धरली, डोळे मिटले आणि घेतलं. पुढच्या वर्षी ती स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरली आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "त्ये ताक हाय का गं?"

आता एका उन्हाळ्याचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

शिंदीच्या आणि मोहाच्या दारूच्या दुकानांचा सरकारी मक्ता ज्याच्याकडे असे त्याला आमच्याकडे गुत्तेदार म्हणत. त्या वर्षी नवा गुत्तेदार आला होता. त्याने बीडच्या कचेरीत तक्रार केली की नेकनूरचा वैद्य औषधाच्या नावाखाली दारू गाळतो. रांजण भरून फार दिवस झाले नव्हते, सगळे जोरात बोलत होते, आणि एका सकाळी आबकारीचे दरोगा दारात उभे राहिले. सोबत गुत्तेदार आणि गेणू नावाचा चपराशी.

दरोगासाहेब उंच, किडकिडीत आणि फार अदबीचे होते. औषधाच्या खोलीत शिरण्यापूर्वी त्यांनी बूट काढले. गुत्तेदाराने नाही काढले.

"ये क्या है, बाई?"

"औषध आहे साहेब. द्राक्षासव."

ते रांजणावर वाकले. "बू तो दारू की है."

तात्या उंबऱ्यात उभे होते. मला वाटलं, ते काहीतरी समजूत घालतील. पण तात्यांना ते येत नसे. म्हणाले, "थोडी नशा आहे त्यात, नाही म्हणणार नाही. तुमच्या सरकारी दवाखान्यात अफू असते, तिच्यातही आहे."

"ऐका सायब!" गुत्तेदार टाळी वाजवून म्हणाला. "त्येच्याच तोंडानं कबूल! दारूच हाय ही!"

दरोगासाहेबांनी हुकूम दिला. नमुना तपासायला जाईल, आणि जबाब येईपर्यंत सगळ्या रांजणांच्या तोंडाला माती लिंपून वर लाखेची मोहोर. मी पुढे झाले. तेव्हा सुनांनी परपुरुषाशी बोलायची रीत नव्हती, पण मोहोर वाळायला वेळ लागत नाही.

"साहेब, तोंड बंद करू नका. आत अजून उकळतंय. कोंडलं तर फुटेल."

"सब यही बोलते, बाई. भट्टीवाला भी बोलता, हात नक्को लगाओ, फूटता."

"मग कान लावून बघा."

त्यांनी टोपी काढली आणि खरंच कान लावला. पुष्कळ वेळ तसेच वाकून राहिले. गुत्तेदार खोकला तर त्याला हाताने गप्प केलं. मग उठून म्हणाले, रांजण उघडे राहू देत, गेणू इथे बसेल, त्याच्या नजरेखाली. मात्र नमुना बंदच जाईल, कायदा आहे. एक चिनी मातीची बरणी भरून घेतली, झाकण बसवून माती लिंपली, लाख ओतली. मी पुन्हा सांगितलं, फुटेल. बरणी बैलगाडीतून बीडला गेली.

तात्या त्या दिवसापासून औषधाच्या खोलीत आले नाहीत. "ज्याला सरकारने दारू म्हटलं, ते मी रोग्याच्या हातात देणार नाही," एवढंच म्हणाले. जबाब काहीही येवो, हे आसव ओढ्यात ओतायचं आणि पुन्हा करायचं नाही. मला वाटलं, राग आहे, उतरेल. पण संध्याकाळी त्यांनी दगडूला बोलावलं. दगडू आमचा माळी, त्याच्या बापाने ती बाग लावली होती.

"दगडू, पांगारे तोड."

"कंचे?"

"सगळे. वेल खाली पडू दे. गुरं खातील."

दगडू माझ्याकडे बघायला लागला. मी तात्यांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दगडू म्हणाला, कुऱ्हाडीला धार न्हाई. मग म्हणाला, अमुशा हाय, हिरव्या झाडाला हात लावू न्हाई. मग म्हणाला, पांगाऱ्यावर व्हला अंड्यावर बसलाय. त्यानंतर तो नुसता विहिरीजवळच्या दगडावर कुऱ्हाड घासत बसे. खस्स खस्स आवाज घरापर्यंत येई. छाटणीचे दिवस चालले होते. तोडायचं ठरलेल्या वेलाची छाटणी कोण करणार?

मी तात्यांशी भांडले. गावातलीच एक बाळंतीण, सोनार आळीतली यमुना, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येई. तिची आई बाटली मागायला आली आणि तात्यांनी तिला काढा देऊन परत पाठवलं.

"तात्या, तिला काढा लागू पडत नाही हे तुम्हीच मागे म्हणालात."

"काढ्याला कुणी दारू म्हणत नाही," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्या वेळी मला त्यांचा फार राग आला. आता वाटतं, माणूस सगळा जन्म ज्या एका गोष्टीची काळजी घेतो, तिलाच कुणी घाण म्हटलं की तो असाच करत असेल.

खोलीत गेणू बसलेला असे. गरीब माणूस, पण जिज्ञासू. मी रांजणांचं फडकं नेहमी डाव्या अंगाला गाठ मारून बांधत असे. एक दिवस एक गाठ उजव्या अंगाला दिसली.

"गेणू, याला हात लावू नकोस. कच्चं आहे अजून."

"न्हाई वैनी! निस्ता कान लावलता. लई ग्वाड बोलतंय."

दोन-तीन आठवड्यांनी भर दुपारी दारात टांगा थांबला. दरोगासाहेब उतरले. शेरवानीवर छातीपासून खाली जांभळे डाग. हबशीचा रंग मी कुठेही ओळखला असता.

बरणी कचेरीत फुटली होती. झाकण छताला लागलं आणि दरोगासाहेब जवळच बसले होते. मागोमाग घोड्यावरून गुत्तेदार आला. तो उतरण्याआधीच ओरडत होता, "बारूद घातलीवती सायब! मुद्दाम! पुरावा बुडवायला!"

"बाई ने दो बार बोला था," दरोगासाहेब हळू आवाजात म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. सरकारी मोहोर लावलेला नमुना त्यांच्या ताब्यात असताना गेला होता. वरचे साहेब विचारणार होते. त्यांच्यापुढे सोपा रस्ता एकच होता, रांजण फोडायचे आणि माल नष्ट केला म्हणून कळवायचं. ते मला तसं म्हणालेही, अगदी कष्टाने. "मेरे पास दूसरा रास्ता नहीं, बाई. गेणू किधर है?"

गेणू जागेवर नव्हता. आम्ही हाका मारल्या. शेवटी तो ओढ्याकडून आला, हातात लोटा, कमरेत वाकलेला, चेहरा पांढराफटक.

"बघा!" गुत्तेदाराने बोट दाखवलं. "पिऊन झोकांड्या खातोय! अजून कसला पुरावा पायजे?"

"पिलो सायब," गेणू म्हणाला आणि भिंतीला टेकला. "खोटं न्हाई बोलनार. काल तांब्याभर पिलो. म्हनलं फुकट हाय. मंग नशा चढंल म्हनून बसलतो वाट बघत. नशा न्हाई आली, दुसरंच आलं. सकाळधरनं लोटा खाली ठिवला न्हाई."

"अजून एक तांब्या पिला असता तर चढली असती!"

"त्यो तुमी प्या, मालक," गेणू कळवळून म्हणाला.

दरोगासाहेब एकदम भिंतीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. मग ओसरीकडे बघून म्हणाले, "वैदजी, आप तो बोले थे, नशा है."

"आहे," तात्या बसल्या जागेवरून म्हणाले. "पण ती गाठायच्या आधी पोट सुटतं. म्हणून तर चमच्याने देतात."

तेवढ्यात गेणू औषधाच्या खोलीच्या उंबऱ्यावरच खाली बसला आणि मग आडवा झाला. मी धावले. पण माझ्याआधी तात्या तिथे होते. इतके दिवस ते त्या उंबऱ्याच्या अलीकडे थांबत होते. आता त्याच उंबऱ्यावर उकिडवे बसले, गेणूचं मनगट धरलं, डोळे मिटले.

"सूनबाई, जायफळ उगाळा. भाताची पेज ठेवा. अन् बेलाचा मुरंबा," म्हणता म्हणता ते स्वतःच उठले आणि मुरंब्यासाठी आत गेले. त्याची बरणी खोलीच्या पार टोकाला असे. परत येताना वाटेत रांजण होते. तात्या पहिल्यापाशी थांबले, वाकले आणि कान लावला. मग दुसऱ्याला. मुरंब्याची बरणी कापऱ्या हातात तशीच.

"हा थांबला," ते मला म्हणाले. "नळी काय म्हणते?"

मी म्हटलं, "तेच म्हणते."

गुत्तेदार म्हणाला, "सायब, रांजण फोडायचे ना?" दरोगासाहेब त्याला म्हणाले, "एक तांब्या पीके आदमी दुकान में बैठेगा या ओढे पे भागेगा? ये तुम्हारा धंदा नहीं बिगाड़ सकता. जाओ." वरच्या साहेबांना त्यांनी काय कळवलं ते मला ठाऊक नाही. एवढं खरं की त्यांची बीडहून लवकरच बदली झाली, आणि आम्हाला पुन्हा कुणी विचारलं नाही. चांगल्या माणसाला आमच्यापायी त्रास झाला असेल, अशी चुटपुट मला अजून लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आसव गाळलं. तात्या रोग्याच्या घरी औषध घेऊन कधी जात नसत, रोग्याने यायचं अशी रीत. त्या दिवशी ते बाटली घेऊन सोनार आळीत गेले, आणि हात कापतात म्हणून मी बरोबर गेले. यमुना भिंतीला धरून उठू लागली तर तिला बसवलं, नाडी बघितली आणि पहिला चमचा स्वतः पाजला. हातातून निम्मा सांडला. यमुनेने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "तात्या, तुमी कशाला आलाव?" त्यांनी दुसरा चमचा भरायला मला सांगितलं.

परत येताना आम्ही बागेच्या वाटेने आलो. पांगारे सगळे उभे होते, त्यांच्यावर वाढलेले, न छाटलेले वेल. विहिरीजवळ दगडू कुऱ्हाड घासत बसला होता. आम्हाला बघून उठला.

"तोडले नाहीस?" तात्यांनी विचारलं.

"धार लागंना, तात्या."

तात्यांनी कुऱ्हाड मागितली. पात्यावर अंगठा फिरवला आणि लगेच तोंडात घातला. रक्त आलं होतं.

"एवढी धार कशाला लागते रे तोडायला?"

"तोडायला न्हाई लागत," दगडू खाली बघत म्हणाला. "न तोडायला लागती."

तात्यांनी कुऱ्हाड त्याच्या हातात परत दिली, आणि छाटणीला इतका उशीर केलास म्हणून त्यालाच रागे भरायला सुरुवात केली.